पेठेतली बाग : ऊन, पालापाचोळा आणि कुंडी

घरच्या बागेचा हिशोब उन्हापासून सुरू होतो. माती बदलता येते, खत विकत आणता येते, पाणी साठवता येते. ऊन मात्र समोरच्या इमारतीने अडवले की अडले. कोल्हापूरच्या शाहूपुरीत हे घरोघरी जाणवते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ही व्यापारपेठ गुळाच्या उलाढालीवर वाढली. पुढे तिच्या घरांवर मजले चढत गेले आणि गल्ल्यांमधले आकाश अरुंद झाले. जुन्या कोल्हापुरात घरामागे परडे असायचे. त्यात कढीपत्ता, शेवगा, केळीचे चार खुंट आणि मोरीच्या पाण्यावर पोसलेले आळू हमखास दिसायचे. आज पेठेत परड्याचे काम गच्ची, गॅलरी, जिन्याचा कठडा आणि खिडकीबाहेरची लोखंडी जाळी यांच्यावर आले आहे. यातल्या प्रत्येक जागेचे ऊन वेगळे, म्हणून तिथे तगणारे झाडही वेगळे.

ऊन मोजायला खडू पुरतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी गच्चीवर किंवा गॅलरीत सावलीची कड खडूने आखून ठेवावी. संध्याकाळपर्यंत कोणत्या कोपऱ्याला किती तास ऊन मिळाले, हे फरशीवर उमटलेले असते. एका दिवसाची आखणी पुरेशी मात्र नाही. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कललेला असतो, त्यामुळे एरवी सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या गॅलरीतही थोडे ऊन येते. डिसेंबरात उलट होते. दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडे जेमतेम पन्नास अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतल्या भिंतीपर्यंत पोचते. म्हणून खडूची ही रेघ मे आणि डिसेंबर अशी निदान दोनदा काढावी. दक्षिणेची गॅलरी हिवाळी टोमॅटोला आणि शेवंतीला द्यावी हे ज्यांना उशिरा कळते, त्यांची पहिली दोन वर्षे उगाच वाया जातात.

सहा तास किंवा त्याहून जास्त ऊन असेल तिथे टोमॅटो, मिरची, वांगे, भेंडी, वेलभाज्या, गुलाब, झेंडू आणि लिंबू लावावेत. तीन-चार तासांच्या उन्हात पालक, कोथिंबीर, पुदिना, आळू, हळद, आले आणि अबोली चांगली येतात. उन्हाचा नुसता कवडसा येत असेल तर नेचे, मनीप्लांट आणि आडोसा आवडणारी नागवेल ठेवावी. अशा जागेत हट्टाने लावलेला गुलाब पाने देतो, फुले देत नाही, आणि दोष विनाकारण खतावर जातो.

उन्हानंतर पाहायचे ते वजन. गच्चीवर वाफे करण्याच्या उत्साहात ही बाब सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. एक चौरस फूट जागेवर एक फूट जाडीची ओली माती म्हणजे पन्नास किलोच्या आसपास भार होतो. चौरस मीटरला तो पाचशे किलोच्या घरात जातो. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोचा भार धरते. म्हणजे गच्चीभर फूटभर माती पसरणे हा सरळ धोका आहे, आणि जुन्या लोडबेअरिंग इमारतीत तर तो विचारही करू नये. जड कुंड्या खांबांच्या आणि तुळयांच्या वर, कडेच्या भिंतीलगत ठेवाव्यात. मधल्या स्लॅबवर हलक्या मिश्रणाच्या पिशव्या आणि क्रेट ठेवावेत. कुंडी फरशीवर थेट टेकवू नये. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवली की खालून हवा खेळते, पाणी मुरत नाही आणि गळती लागली तर दिसते. गच्चीच्या पन्हाळ्या पावसाळ्याआधी मोकळ्या कराव्यात. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले वड-पिंपळाचे रोप कठड्याच्या फटीत दिसले की बोटभर असतानाच मुळासकट काढावे. हातभर झाल्यावर ते भिंतीसकटच निघते.

कुंड्यांच्या बाबतीत शाहूपुरीला हाकेच्या अंतरावर सोय आहे. इथल्या कुंभार गल्लीची ओळख गणेशमूर्तींमुळे सर्वदूर असली, तरी मातीची कुंडी निवडताना कुंभाराचीच कसोटी उपयोगी पडते. कुंडीवर बोटाच्या पेराने टिचकी मारावी. चांगली भाजलेली कुंडी खणखणते. कच्ची किंवा तडा गेलेली बद्द वाजते. हीच टिचकी पुढे रोज कामाला येते, कारण भरलेल्या मातीच्या कुंडीतली माती ओली असेल तर आवाज बद्द येतो आणि वाळली की कुंडी पुन्हा खणखणू लागते. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपते, मुळांना गारवा आणि हवा मिळते, पण उन्हाळ्यात ती लवकर सुकते आणि वजनाला जड असते. प्लॅस्टिकची कुंडी, रंगाचा रिकामा डबा, ग्रो बॅग हे हलके आणि स्वस्त. त्यांना तळाशी चार-पाच भोके पाडणे तेवढे विसरू नये. रंगाचा डबा आतून नीट घासून, धुऊन, उन्हात तापवूनच वापरावा आणि शक्यतो फुलझाडांसाठीच ठेवावा. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच खोली पुरते, टोमॅटो-वांग्याला फूटभर लागते, लिंबू, पेरू किंवा कढीपत्त्याला मोठा पिंपच हवा.

माती हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त चुकणारा भाग. कोल्हापूर दोन मातींच्या सीमेवर बसले आहे. पश्चिमेला पन्हाळा, गगनबावड्याकडे तांबडी जांभ्याची माती. पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडे काळी. काळी माती शेतात सोन्यासारखी असते, कुंडीत मात्र तीच अडचण होते. तिच्यातली चिकण ओली झाल्यावर फुगते आणि सुकल्यावर आकसते. मग कुंडीच्या कडेला भेग पडते आणि घातलेले पाणी मुळांना न भेटता त्या भेगेतून थेट बशीत उतरते. तांबडी माती पाण्याचा निचरा करते, पण पोटात काही धरून ठेवत नाही. दोन्ही निम्मी-निम्मी घेतली तर एकीचा गुण दुसरीचा दोष झाकतो. तरीही कुंडीत या मातीचा वाटा एकतृतीयांशाहून जास्त नसावा. उरलेल्या दोन वाट्यांपैकी एक मुरलेले कंपोस्ट आणि एक कुजलेला पालापाचोळा, भाताचे तूस किंवा कोकोपीट असावे. मिश्रण मुठीत दाबले की गोळा व्हावे आणि बोटाने टोचले की फुटावे.

या विषयात कोल्हापूरला स्वतःची परंपरा आहे आणि बागकाम करणाऱ्याने ती जाणून घेण्यासारखी आहे. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी कोल्हापुरात राहून ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या तुकड्यावर प्रयोग करावा, नोंदी ठेवाव्यात आणि आपल्यासारख्याच दुसऱ्याला त्या सांगाव्यात, हा त्यांचा मार्ग. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी याच रीतीने एकमेकांकडून शिकत मोठी मजल मारली. दाभोळकरांचे इंग्रजी पुस्तक ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे या विचाराचे सविस्तर रूप आहे. त्यांच्या मांडणीचा गाभा गणितीच होता. पान म्हणजे ऊन पकडणारी पाटी. जितकी पाने पूर्ण उन्हात उघडी, तितके अन्न तयार; आणि झाडाचा गळून पडलेला प्रत्येक अंश पुन्हा मातीत गेला, तर बाहेरून फार थोडे आणावे लागते. घरच्या बागेला याहून उपयोगी सूत्र सापडणे कठीण. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या आणि फळझाडे वाढवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. दोन्हीकडे मातीपेक्षा कुजणाऱ्या वस्तूंवरच भर होता, म्हणून भारही कमी राहिला.

चिपाड कोल्हापूरकरांना शोधावे लागत नाही. रसवंतीगृहाबाहेर संध्याकाळी त्याचा ढीग असतो आणि मागितला तर आनंदाने मिळतो. मात्र ताजे चिपाड कुंडीत घातले की दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते, कारण त्यात साखर उरलेली असते. ते आधी दोन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी काढून टाकून, उन्हात वाळवावे आणि कोयत्याने बोटभर लांबीचे तुकडे करावेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. चिपाडात कर्ब भरपूर आणि नत्र नाममात्र असते. ते कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी नत्र शोधतात आणि ते आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात. त्यामुळे नुसत्या चिपाडावर लावलेले रोप महिनाभरात पिवळे पडते आणि लावणारा हताश होतो. चिपाडाच्या प्रत्येक थरावर शेणकाला किंवा हिरव्या पाल्याचा थर दिला, तो थर ओलसर ठेवला आणि दीड-दोन महिने थांबले, तर हा त्रास होत नाही. गल्लीतल्या किंवा बागेतल्या झाडांखालचा वाळका पालाही असाच वापरता येतो; तो झाडून जाळणे म्हणजे घरची माती जाळणे.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासाठी भाजीचा जुना प्लॅस्टिक क्रेट सर्वांत सोपा. त्याला आतून शेडनेटचा तुकडा लावावा, तळाशी चार बोटे वाळका पाला किंवा चिपाड पसरावे. रोजचा भाजीचा कचरा बारीक चिरून टाकावा आणि त्यावर दुप्पट वाळका पाला घालावा. हे दुप्पटचे प्रमाण पाळले की वास येत नाही. वास येऊ लागला तर ओले जास्त झाले असे समजावे आणि पाला वाढवावा. मुठीत दाबल्यावर बोटांमधून एखादाच थेंब सुटावा, इतकीच ओल हवी. शिजलेले अन्न, मासे-मटण, तेलकट पदार्थ यात नकोत. उंदीर-घुशी येतात आणि शेजाऱ्यांचा संयम सुटतो. आठवड्यातून एकदा वरखाली केले तर दोन-तीन महिन्यांत क्रेट भरलेला असतानाच खालचा थर काळसर, भुरभुरीत आणि पहिल्या पावसाच्या वासाचा होतो. तो चाळून वापरावा, वरचे न कुजलेले पुन्हा तळाशी घालावे.

गुळाच्या पेठेत जीवामृत करणे तर ओघानेच आले. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे देशी गाईचे शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम डाळीचे पीठ आणि झाडाखालची मूठभर माती घालून सावलीत झाकून ठेवावे. दिवसातून दोनदा काठीने ढवळावे. गूळ रसायनविरहित, काळपट असेल तर उत्तम. पिवळाधमक असेलच असा आग्रह इथे उपयोगाचा नाही. तिसऱ्या दिवसापासून ते वापरायला योग्य होते आणि आठवडाभरात संपवावे लागते. दहापट पाणी मिसळून पंधरवड्यातून एकदा कुंडीगणिक पेलाभर घातले तरी पुरते. जीवामृत मातीतल्या जिवाणूंना चालना देते. कंपोस्टची जागा ते घेत नाही.

बागेचे वर्ष पंचांगाच्या जवळपास चालते, कारण पाऊसही साधारण त्याच क्रमाने येतो. कोल्हापूरचा वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत. उन्हाळ्याच्या अखेरीला वळवाच्या सरी येतात. अक्षय्य तृतीयेला वेलभाज्यांची आळी करण्याची जुनी रीत गच्चीलाही लागू पडते. तेव्हा पिंपात टोकलेला दोडका, कारली किंवा दुधी मृगाच्या पावसापर्यंत मांडवाला हात घालतो. मृग-आर्द्रात भेंडी, गवार, घेवडा, मिरची आणि वांगे लावावीत. मिरचीत इकडची तिखट लवंगी कुंडीत झकास येते आणि एक झाड एका घराला पुरते. वांगी, मिरची, टोमॅटोचे बी आधी उथळ ट्रेमध्ये टाकून पंचवीस-तीस दिवसांची, चार-पाच पानांची रोपे झाल्यावर हलवावीत, आणि तीही संध्याकाळी.

गच्चीवरच्या वेलाला फुले येतात, चिमुकली फळेही दिसतात आणि दोन दिवसांत ती पिवळी पडून गळतात, ही तक्रार तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर नेहमीची. कारण बहुधा परागीभवनाचे असते; तिथवर कीटक कमी पोचतात. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, दोडक्याचीही दिवस कलल्यावर, कारल्याची सकाळी. ज्या फुलामागे इवले फळ दिसते ते मादी फूल. नराच्या मागे नुसता देठ असतो. उमललेले नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. चौथ्या-पाचव्या दिवशी फळ बोटभर लांबलेले दिसते. गच्चीवर तुळस, झेंडू, सब्जा फुलू दिले तर मधमाश्या येऊ लागतात आणि हे काम त्या आपणहून उचलतात.

जुलै-ऑगस्ट हे बागेच्या परीक्षेचे महिने. पश्चिमेचा वारा आणि दिवसेंदिवस न थांबणारी रिपरिप, या काळात पाणी घालणे बंद ठेवून निचरा पाहावा. कुंडीतली माती वर्षभरात खाली बसलेली असते, तिच्यावर पाणी साचते. ती मिश्रण घालून वर आणावी. कुंड्यांखालच्या बश्या पावसाळ्यात काढून ठेवाव्यात. साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंगीचा डास वाढतो आणि त्याची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो. म्हणून पाण्याचे प्रत्येक भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करावे. बागेच्या हौसेपायी गल्लीत आजार येऊ देणे अक्षम्य आहे.

शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांना पुराचाही विचार करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. नदी चढली की पाणी जयंती नाल्यातून मागे सरकते आणि पेठेच्या खोलगट भागात शिरते. २०१९ आणि २०२१ मध्ये ते कुंभार गल्लीतही आले. तळमजल्यावर बाग असणाऱ्यांनी हलवता येतील अशाच कुंड्या ठेवाव्यात आणि इशारा पातळीच्या बातमीलाच त्या वर न्याव्यात. पाण्याखाली मुळांना हवा मिळत नाही; बहुतेक भाज्या दोन-तीन दिवसांत गुदमरतात, तर केळ, आळू, जास्वंद तग धरतात. पूर ओसरल्यावर पानांवरचा गाळ ओला असतानाच धुवावा, कारण वाळला की तो पानाची रंध्रे बंद करतो. कुंडीवरची साय खुरप्याने फोडावी. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे भिजलेल्या पालेभाज्या खाऊ नयेत आणि त्या मातीत पुढचे काही महिने फुलझाडेच लावावीत.

दसरा-दिवाळीला घरचा झेंडू हवा असेल तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बी पडायला हवे. बियाण्यापासून फूल यायला साधारण दोन महिने लागतात. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि फुले वाढतात. शेवंतीची तऱ्हा निराळी. ती रात्र मोठी झाल्यावरच कळी धरते. गॅलरीतली शेवंती हिरवीगार असूनही फुलत नसेल, तर संध्याकाळनंतर तिच्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो का हे पाहावे. कुंडी फक्त दोन हात अंधारात सरकवली तरी तिला रात्र मिळते. पाऊस आटोपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला गुलाबाची छाटणी करावी. वाळक्या, आतल्या बाजूला वाढलेल्या आणि बारीक काड्या काढाव्यात, उरलेल्या फांद्या बाहेरच्या डोळ्याच्या किंचित वर तिरप्या कापाव्यात. पुढे सहा-सात आठवड्यांनी बहर येतो. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर करून, त्याला पंधरा दिवस पाण्याचा ताण द्यावा, मग खत देऊन पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या लागतात. हिवाळा पालेभाज्यांचा: मेथी, पालक, चाकवत, शेपू, कोथिंबीर. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करून टाकले की उगवण सारखी होते. मेथी तर फूटभर लांबीच्या जुन्या टोपलीतही पंचवीस दिवसांत ताटात येते.

पाण्याचा नियम ठरवू नये, माती पाहून ठरवावे. बोटाची दोन पेरे मातीत खुपसावीत. टोकाला ओल लागली तर पाणी नको. कुंडीतली झाडे पाण्याविना मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर, तळातून थेंब निघेपर्यंत द्यावे आणि मातीवर वाळक्या पाल्याचे आच्छादन ठेवावे. एप्रिल-मेत पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीलगतच्या कुंड्या हलवाव्यात किंवा पन्नास टक्के सावलीची शेडनेट बांधावी. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना चालते. मीठ घातलेले किंवा साबणाचे नाही.

किडींचा मागोवा रोजच्या फेरीत घेतला तर औषधाची वेळ क्वचित येते. जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की जुन्या दातघासणीने साबणपाण्यात घासून काढावा. मुंग्यांची ये-जा हा त्याचा आणि माव्याचा आगाऊ निरोप असतो, कारण या किडींच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात. फवारणीला निंबोळी अर्क उत्तम. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला मारावी. पावसाळ्यातल्या गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचणे हाच खात्रीचा उपाय. भोपळावर्गीय वेलींच्या पानांवर पांढरी भुरी दिसली तर खालची जुनी पाने काढून हवा खेळती करावी.

बागेत वर्षे मुरली की विकत घेतलेल्या रोपांपेक्षा स्वतः केलेल्या रोपांचे मोल वाटू लागते. जास्वंद, मोगरा, गावठी गुलाब यांची पेन्सिलीएवढी, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची काडी मृगात लावावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्यावा. लिंबू, डाळिंब, पेरू यांना गुटी बांधावी. निरोगी फांदीवर दोन ते अडीच सेंटिमीटर रुंदीची सालीची अंगठी धारदार चाकूने सोलून काढावी आणि उघडी पडलेली लाकडाची पट्टी पुसून घ्यावी, म्हणजे सालीचा हिरवा अंश उरून जखम परत जुळत नाही. त्यावर भिजवून पिळलेले शेवाळ मुठीएवढे दाबून पारदर्शक प्लॅस्टिकने गुंडाळावे आणि दोन्ही टोके सुतळीने आवळावीत. वरून उतरणारे अन्न अंगठीपाशी अडते आणि तिथेच मुळे फुटतात. सहा ते आठ आठवड्यांनी प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागली, आणि ती तांबूस झाली, की फांदी गुटीच्या खाली कापून सावलीत कुंडीत लावावी.

झाडे ओळखायला शिकण्यासाठी कोल्हापुरात जागा आहेत. टाऊन हॉलच्या बागेतले जुने वृक्ष आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या जाती जपल्या आहेत, डॉ. श्रीरंग यादव यांनी या वनस्पतींच्या अभ्यासात आयुष्य वेचले. गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनात कुंडीतले झाड किती उंचीला जाऊ शकते हे डोळ्यांनी पाहता येते. डोंगरातून रानझाड उपटून आणून कुंडीत लावणे मात्र टाळावे. ते बहुधा मरते आणि डोंगरही त्याला मुकतो.

बियाणे राखायचे असेल तर संकरित वाणाचे राखू नये, पुढच्या पिढीत त्याचे गुण फुटतात. देशी, सरळ वाण निवडावा. टोमॅटो, घेवडा, मेथी यांचे बी घरी शुद्ध राहते. दोडका, काकडीचा मात्र शेजारच्या गच्चीवरच्या वाणाशी संकर होऊ शकतो, म्हणून त्यांचे बी धरायचे तर मादी फूल उमलण्याआधी कापडाची पिशवी बांधून, उमलल्यावर हाताने परागण करून पुन्हा पिशवी बांधावी. बियांसाठी पहिले फळ न तोडता, मधल्या बहरातले सर्वांत निकोप फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. टोमॅटोचा गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवून, बियांवरची बुळबुळीत साय निघाली की धुऊन सावलीत वाळवावे. वाळलेले बी कागदाच्या पुडीत, पुडी काचेच्या बाटलीत आणि बाटलीच्या तळाशी चाळलेली कोरडी राख, असे ठेवावे. पुडीवर वाण, फळ धरल्याचा महिना आणि कोणत्या कोपऱ्यातले झाड हे लिहावे. पुढच्या हंगामाआधी त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर उबदार जागी ठेवावेत. सात किंवा त्याहून जास्त दाण्यांना मोड आले तर बी नेहमीसारखे पेरावे. चार ते सहा आले तर दाट पेरावे. त्याहून कमी असले तर ते बी पालेभाजीच्या क्रेटमध्ये मिसळून टाकावे आणि ओळखीच्या गच्चीवरून नवे बी मागून आणावे.